कोणाचाच नसलेला ध्वज : बोस्निया-हर्झेगोव्हिनाच्या राज्यचिन्हांचे प्रकरण

७ फेब्रुवारी १९९८ रोजी जपानमधील नागानो येथे हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, तेव्हा बोस्निया आणि हर्झेगोव्हिनाच्या पथकाचा जो ध्वज संचलनात होता, तो लागू होऊन आठवडाही उलटला नव्हता. त्या देशाच्या संसदेने तो मंजूर केलेला नव्हता, जनतेचा कौल त्यावर घेतला गेला नव्हता आणि कोणत्याही लढ्यात तो कोणी खांद्यावर घेतलेला नव्हता. कार्लोस वेस्टेनडॉर्प नावाच्या स्पॅनिश मुत्सद्द्याने तो स्वतःच्या अधिकारात जारी केला होता.

नव्या राष्ट्रांना चिन्हे बहुधा चळवळीतून मिळतात. आधी लोक एखादा झेंडा घेऊन रस्त्यावर येतात, एखादे गीत सभांमधून म्हटले जाते आणि पुढे राज्य स्थापन झाले की कायदा त्यावर शिक्कामोर्तब करतो. बोस्नियात हा क्रम उलटा झाला. १९९८ आणि १९९९ या दोन वर्षांत या देशाला ध्वज, राजचिन्ह, चलनी नोटा, वाहनांच्या नंबरप्लेट आणि राष्ट्रगीत अशा पाचही गोष्टी मिळाल्या आणि त्या सर्वांच्या घडणीत आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांचा हात निर्णायक होता. या पाच गोष्टी एकाच काळात, एकाच समाजासाठी आणि जवळपास एकाच पद्धतीने तयार झाल्या, तरी त्या सारख्या रुजल्या नाहीत. काही वर्षभरातच अंगवळणी पडल्या, तर काही अजूनही सरकारी इमारतींपुरत्या आहेत. हा फरक का पडला, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधीचा ध्वज

१९९१ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील या प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे ४४ लाख होती. त्यात साधारण ४४ टक्के मुस्लिम, म्हणजे ज्यांना आज बोस्नियाक म्हटले जाते ते, ३१ टक्के सर्ब आणि १७ टक्के क्रोएट होते. उरलेल्यांत स्वतःला केवळ ‘युगोस्लाव्ह’ म्हणवणारे, तसेच रोमा, ज्यू आणि इतर होते. १९९२ च्या वसंतात सार्वमतानंतर देश स्वतंत्र झाला. बहुसंख्य सर्बांनी त्या सार्वमतावर बहिष्कार टाकला होता. एप्रिलपासून युद्ध भडकले आणि ते संपेपर्यंत सुमारे एक लाख माणसे मेली.

त्या धामधुमीत, मे १९९२ मध्ये, राजधानी साराएव्होतील अध्यक्ष मंडळाने पहिला ध्वज स्वीकारला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळी ढाल, ढालीवर तिरपा पांढरा पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशी सहा सोनेरी लिलीची फुले, असे त्याचे रूप होते. ही ढाल मध्ययुगीन कोत्रोमानिच राजघराण्याची. या घराण्यातील त्व्रत्को पहिला हा १३७७ मध्ये राजा म्हणून अभिषिक्त झाला आणि त्याच्या काळात बोस्नियाचे राज्य सर्वांत विस्तारलेले होते.

चिन्ह निवडणाऱ्यांचा युक्तिवाद कागदावर तरी बिनतोड होता. त्व्रत्को ख्रिस्ती होता, त्यामुळे हे चिन्ह मुस्लिमांचे आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते. शिवाय त्याच्या काळात बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट ही आजच्या अर्थाची राष्ट्रेच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे ही फुले सगळ्यांच्या सामाईक भूतकाळाची ठरत होती. परंतु चिन्हाचा अर्थ त्याच्या उगमापेक्षा ते कोणी वापरले यावरून जास्त ठरतो, आणि पुढील साडेतीन वर्षे हा ध्वज मुख्यतः बोस्नियाकांचा भरणा असलेल्या सैन्याच्या खंदकांवर फडकत होता. समोरच्या खंदकांत एकीकडे सर्ब फौजांचा लाल-निळा-पांढरा तिरंगा होता, तर दुसरीकडे क्रोएट फौजांची लाल-पांढऱ्या चौकटींची ढाल होती. युद्ध संपले तोवर लिलीची फुले बोस्नियाकांसाठी हौतात्म्याची खूण झाली होती आणि इतर दोघांसाठी शत्रूची. मध्ययुगीन इतिहासाचा कितीही दाखला दिला तरी हा अर्थ पुसला जाणार नव्हता.

डेटनने मोकळी सोडलेली जागा

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे वाटाघाटी झाल्या आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. देशाची राज्यघटना म्हणजे या कराराचे चौथे परिशिष्ट. तिने देश एकसंध ठेवला, पण त्याचे दोन घटक मानले : बोस्नियाक आणि क्रोएटांचा महासंघ, ज्याच्याकडे ५१ टक्के भूभाग आला, आणि रिपब्लिका स्रप्स्का हा सर्बांचा घटक, ज्याच्याकडे ४९ टक्के. अध्यक्षपद तिघांचे, प्रत्येक समाजाचा एक. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ४२ सदस्य, त्यांपैकी २८ महासंघातून आणि १४ स्रप्स्कातून. वरिष्ठ सभागृहात प्रत्येक समाजाचे पाच याप्रमाणे १५. एखाद्या निर्णयाला साधे बहुमत पुरत नाही, दोन्ही घटकांतून किमान एक तृतीयांश पाठिंबा मिळावा असा प्रयत्न करावा लागतो, आणि एखाद्या समाजाच्या ‘जीवनावश्यक हिताला’ बाधा येते असे त्याच्या प्रतिनिधींनी ठरवले तर निर्णय अडवता येतो.

राज्यचिन्हांविषयी या घटनेत एकच वाक्य आहे. संसद ठरवील आणि अध्यक्ष मंडळ मान्यता देईल ती देशाची चिन्हे असतील, एवढेच ते सांगते. ज्या करारात सैन्य किती किलोमीटर मागे घ्यावे याचे तपशील भरले आहेत, त्याच करारात ध्वजाचा प्रश्न असा एका वाक्यात उरकला जावा, यावरून वाटाघाटी करणाऱ्यांना तो किती अवघड वाटला असेल याची कल्पना येते. त्यांनी तो सोडवला नाही, पुढे ढकलला. आणि ज्या यंत्रणेकडे तो सोपवला तिच्या रचनेतच अडवणुकीची सोय होती.

दोन वर्षे काहीच झाले नाही. लिलीचा ध्वज संयुक्त राष्ट्रांत आणि देशाच्या दूतावासांवर राहिला, तर स्रप्स्कात त्याला कोणी जवळ केले नाही. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन येथे शांतता कराराची देखरेख करणाऱ्या देशांची परिषद झाली आणि तिने ‘उच्च प्रतिनिधी’ या पदाचे अधिकार वाढवले. स्थानिक नेत्यांचे एकमत झाले नाही तर कायदा स्वतः जारी करण्याचा आणि अडथळे आणणाऱ्या पदाधिकाऱ्यांना दूर करण्याचा अधिकार या पदाला मिळाला. त्या वर्षीच्या जूनपासून हे पद वेस्टेनडॉर्प यांच्याकडे होते.

तीन पर्याय

ध्वजासाठी एक स्वतंत्र आयोग नेमण्यात आला आणि त्याने तीन पर्याय पुढे ठेवले. त्या तिन्हींत काय नव्हते, हे आधी पाहिले पाहिजे. लिली नव्हती, चौकटी नव्हत्या, तिरंगा नव्हता, क्रूस किंवा चंद्रकोर नव्हती, कोणताही राजा, नदी, किल्ला किंवा पक्षी नव्हता. ज्यावर कोणीतरी हक्क सांगू शकेल असे सगळे आधीच वगळले गेले आणि हाती भूमिती उरली. संसदेत एकाही पर्यायाला आवश्यक पाठिंबा मिळाला नाही. मुदत संपली, नागानोचे उद्घाटन तोंडावर आले आणि वेस्टेनडॉर्प यांनी पहिला पर्याय काही बदल करून लागू केला. त्यातील निळा रंग मुळात संयुक्त राष्ट्रांच्या फिकट निळ्याच्या जवळचा होता. तो युरोपीय संघाच्या ध्वजासारखा गडद करण्यात आला.

त्यांनी दुसरे काही करायला हवे होते का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. माझ्या मते त्या फेब्रुवारीत त्यांच्यापुढे चांगला पर्याय नव्हता. थांबले असते तर एका समाजाचा ध्वज संपूर्ण देशाच्या नावाने फडकत राहिला असता आणि स्रप्स्काच्या नेत्यांना देशच परका ठरवण्याचे निमित्त मिळत राहिले असते. पण या निर्णयाची किंमतही होती आणि ती चिन्हापुरती नव्हती : आपण अडून बसलो तरी शेवटी कोणीतरी बाहेरचा निर्णय घेईल, आणि त्याचे खापर त्याच्याच माथ्यावर फुटेल, हा धडा संसदेतील पक्षांना मिळाला. तडजोड करून आपल्या मतदारांचा रोष ओढवून घेण्यापेक्षा हे फार सोयीचे होते.

ध्वज काय सांगतो

लागू झालेल्या ध्वजावर निळ्या पार्श्वभूमीत एक पिवळा काटकोन त्रिकोण आहे आणि त्याच्या तिरप्या बाजूला लागून पांढऱ्या ताऱ्यांची रांग आहे. सात तारे पूर्ण आहेत. वरच्या आणि खालच्या टोकाचा एकेक तारा कापलेला, अर्धाच दिसतो, म्हणजे ही रांग कापडाच्या पलीकडेही चालू आहे असे सुचवायचे आहे. त्रिकोणाची तीन टोके म्हणजे तीन समाज, त्रिकोण म्हणजे नकाशावरील देशाचा ढोबळ आकार, पिवळा रंग सूर्याचा आणि आशेचा, तर निळा रंग व तारे युरोपचे, असा त्याचा अधिकृत अर्थ. मे १९९८ मध्ये हीच रचना ढालीच्या आकारात बसवून राजचिन्हही ठरवण्यात आले, तेही वेस्टेनडॉर्प यांच्याच निर्णयाने. त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

या अर्थाकडे बारकाईने पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की ध्वजाचा जवळजवळ अर्धा आशय देशाबाहेरचा आहे. भूतकाळाबद्दल बोलता येत नाही म्हणून तो भविष्याबद्दल बोलतो, आणि हे भविष्य म्हणजे युरोपीय संघाचे सदस्यत्व. आज पाव शतकानंतरही ते सदस्यत्व हाती आलेले नाही. जे वचन पाळणे आपल्या एकट्याच्या हातात नाही ते ध्वजावर काढले की ध्वजाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची आहे. निःपक्षपाती म्हणून निवडलेला हा आकार प्रत्यक्षात घटनेची नेमकी आकृती ठरतो, कारण घटनेलाही तीनच टोके आहेत. जो बोस्नियाक, सर्ब किंवा क्रोएट नाही, तो घटनेच्या भाषेत ‘इतर’ ठरतो आणि अध्यक्ष मंडळाची निवडणूक लढवू शकत नाही. देर्वो सेजदिच हे रोमा समाजाचे आणि याकोब फिन्सी हे ज्यू समाजाचे गृहस्थ या प्रश्नावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने ही तरतूद भेदभावाची असल्याचा निकाल दिला. निकालाची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. ध्वजावर हे दोघे कुठे आहेत असे विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : घटनेत नाहीत, म्हणून ध्वजावरही नाहीत. चिन्हकारांना याबद्दल दोष देता येणार नाही, कारण त्यांनी राज्य जसे होते तसेच रेखाटले.

नंबरप्लेट आणि नोटा

या प्रकरणातील सर्वांत यशस्वी चिन्ह ना कवीने रचले ना चित्रकाराने. युद्धानंतर देशात वाहनांच्या नंबरप्लेट वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या होत्या आणि पाटीवरील लिपी व खुणा यांवरून गाडी कोणत्या बाजूची आहे हे लांबूनच कळत असे. सर्ब लिपी सिरिलिक, इतरांची लॅटिन. कागदोपत्री संचारस्वातंत्र्य होते, पण ‘चुकीच्या’ पाटीची गाडी घेऊन दोन घटकांमधील रेषा ओलांडणे म्हणजे अडवले जाण्याचा, धमकावले जाण्याचा आणि प्रसंगी त्याहून वाईट काही घडण्याचा धोका पत्करणे होते. त्यामुळे लोक जात नसत. घराकडे परतणे, नातेवाइकांना भेटणे, व्यापार, सगळेच त्या पाटीपाशी अडत होते.

१९९८ मध्ये उच्च प्रतिनिधींचे कार्यालय आणि संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा यांनी संपूर्ण देशासाठी एकच पाटी आणली : तीन अंक, एक अक्षर, पुन्हा तीन अंक. गाव किंवा जिल्हा सांगणारा कोणताही संकेत त्यात नव्हता. अक्षरेही सात निवडली, ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी, कारण ही सात अक्षरे लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांमध्ये सारखीच लिहिली जातात. पाटी कोणत्या लिपीत आहे हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. दोन लिप्यांच्या भांडणात तिसरी शोधण्याऐवजी दोघींच्या सामाईक भागात उभे राहण्याची ही युक्ती मला ध्वजावरील सगळ्या ताऱ्यांपेक्षा अधिक कल्पक वाटते. पाट्या सक्तीच्या झाल्या आणि रेषा ओलांडणाऱ्या गाड्यांची संख्या ठळकपणे वाढली. पुढे पाटीची मांडणी बदलली गेली, पण सामाईक अक्षरांचे तत्त्व कायम राहिले.

पैशाची कथा थोडी वेगळी. युद्धानंतर देशाच्या वेगवेगळ्या भागांत बोस्नियाई दिनार, क्रोएशियाचा कुना आणि युगोस्लाव्ह दिनार चालत होते, आणि सगळ्यांचा खरा भरवसा जर्मन मार्कावर होता. डेटन घटनेने नवी मध्यवर्ती बँक स्थापण्याची तरतूद केली आणि पहिल्या सहा वर्षांसाठी तिच्या गव्हर्नरची नेमणूक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे सोपवली. हा गव्हर्नर बोस्नियाचा किंवा शेजारी देशाचा नागरिक असता कामा नये, असेही लिहून ठेवले. बँकेला परकीय गंगाजळीचा पूर्ण आधार असल्याशिवाय नोट छापता येत नव्हती. नवे चलन ‘परिवर्तनीय मार्क’ जर्मन मार्काशी एकास एक बांधलेले होते आणि त्याच्या नोटा जून १९९८ मध्ये चलनात आल्या. युरो आल्यावर तोच दर एका युरोला १.९५५८३ मार्क असा पुढे चालू राहिला.

नोटांवर कोणाचे चित्र असावे यावरून मात्र वाद झालाच. राज्यकर्ते आणि सेनानी बाजूला ठेवून साहित्यिक निवडायचे ठरले, पण तेही प्रत्येक बाजूचे वेगळे निघाले आणि अखेर बहुतेक नोटांच्या दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या. दहा मार्काच्या नोटेवर महासंघाच्या आवृत्तीत माक दिझदार, स्रप्स्काच्या आवृत्तीत अलेक्सा शांतिच. पन्नासच्या नोटेवर एकीकडे मुसा चाझिम चातिच, दुसरीकडे योवान दुचिच. पाच मार्काच्या नोटेवर मात्र दोन्ही आवृत्त्यांत मेशा सेलिमोविच होते, कारण त्यांच्यावर सर्ब आणि बोस्नियाक या दोघांचाही दावा होता. इवो आंद्रिच या नोबेलविजेत्या लेखकाच्या नशिबी वेगळेच आले : एक मार्काच्या नोटेवर त्यांच्या आडनावाचे शेवटचे सिरिलिक अक्षर चुकीचे छापले गेले आणि ती नोट मागे घ्यावी लागली. पुढे २००२ मध्ये दोनशे मार्काची नोट निघाली ती त्यांच्याच चित्राची, आणि ती सर्व देशासाठी एकच होती.

महत्त्वाचे हे की दोन्ही आवृत्त्या संपूर्ण देशात सारख्याच वैध होत्या. स्रप्स्कातील बान्या लुका शहराच्या दुकानदाराच्या गल्ल्यात माक दिझदार येत होते आणि साराएव्होतील दुकानदाराच्या हाती शांतिच. नोट नाकारण्यात कोणाचाही फायदा नव्हता. या चलनाने प्रेम मागितले नाही. जर्मन मार्काबद्दल लोकांच्या मनात आधीच असलेला विश्वास उसना घेतला आणि तो टिकवला. पाटीचे यशही याच जातीचे होते. ती कोणाला आवडावी अशी अपेक्षाच नव्हती. ती लावली की माणूस सुरक्षितपणे पलीकडे जाऊ शकत होता. ध्वजाकडे देण्यासारखे असे काही नव्हते. त्याने थेट निष्ठा मागितली, तीही ज्यांनी नुकतीच आपापली माणसे दुसऱ्या झेंड्यांखाली पुरली होती त्यांच्याकडे.

शब्दांविना गीत

लिलीच्या ध्वजाबरोबर ‘येद्ना सी येदिना’ हे गीत होते. दिनो मर्लिन यांचे शब्द आणि लोकगीताची चाल असलेले हे गीत बोस्नियाकांना प्रिय होते आणि त्याच कारणाने इतरांना अमान्य. १९९९ च्या जूनमध्ये वेस्टेनडॉर्प यांनी नवे राष्ट्रगीत जारी केले : बान्या लुकाचे संगीतकार दुशान शेस्तिच यांची ‘इंतेरमेत्सो’ ही रचना, शब्दांविना. स्वतः वेस्टेनडॉर्प ज्या स्पेनचे, त्याच्या राष्ट्रगीतालाही अधिकृत शब्द नाहीत, त्यामुळे त्यांना ही व्यवस्था फारशी विचित्र वाटली नसावी. परंतु स्पेनची धून शतकानुशतके कानावर पडलेली आहे. बोस्नियाची धून ऐकून आठवावे असे लोकांजवळ अजून काही नव्हते.

शब्द मिळवण्याचा प्रयत्न झाला. २००९ मध्ये शेस्तिच आणि बेंजामिन इसोविच यांचे शब्द संसदेच्या एका आयोगाने पसंत केले. त्यांत कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. पुढची मंजुरी मात्र मिळाली नाही आणि प्रस्ताव तिथेच राहिला. यावेळी लादण्याची भूमिका कोणी घेतली नाही, आणि न लादल्याचा परिणाम असा झाला.

घटकांची चिन्हे

देशाचा ध्वज निःपक्ष झाला तरी दोन घटकांची स्वतःची चिन्हे तशी नव्हती. महासंघाच्या राजचिन्हात बोस्नियाक लिली आणि क्रोएट चौकटी होत्या, सर्बांचे काहीच नव्हते. स्रप्स्काच्या राजचिन्हात आणि ‘बोझे प्राव्दे’ या गीतात फक्त सर्ब परंपरा होती. २००६ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाने महासंघाचा ध्वज व राजचिन्ह आणि स्रप्स्काचे राजचिन्ह व गीत घटनाबाह्य ठरवले, कारण तिन्ही समाज संपूर्ण देशात समान आहेत आणि एखाद्या घटकाचे चिन्ह तिथे राहणाऱ्या इतरांना वगळू शकत नाही. स्रप्स्काने नवे गीत आणि नवे चिन्ह केले. महासंघाने काहीच केले नाही. त्याला तेव्हापासून स्वतःचा ध्वजच नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही नाही. सुट्ट्यांचेही तसेच : १ मार्चचा स्वातंत्र्यदिन आणि २५ नोव्हेंबरचा राज्यत्वदिन महासंघात पाळले जातात, स्रप्स्कात नाही. दोन्हीकडे पाळला जाणारा राष्ट्रीय दिवस संसदेला ठरवता आलेला नाही.

निळ्या-पिवळ्या ध्वजाला थोडी ऊब मिळाली ती मैदानावर. २०१४ मध्ये फुटबॉलचा संघ पहिल्यांदाच विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला, तेव्हा प्रेक्षकांत हा ध्वज मोठ्या संख्येने होता, आणि त्याच्या शेजारी लिलीचाही. बहुतेक स्रप्स्काला मात्र तेव्हाही सर्बियाचा संघ जवळचा वाटत होता.

वेस्टेनडॉर्प यांच्या निर्णयानंतर दहा वर्षांनी, १७ फेब्रुवारी २००८ रोजी, सर्बियाचा अल्बेनियनबहुल प्रांत असलेल्या कोसोवोने स्वातंत्र्य घोषित केले आणि त्याच दिवशी ध्वज स्वीकारला. तिथे खुली स्पर्धा झाली होती आणि जवळपास हजार प्रस्ताव आले होते, तरी निवड झाली ती ओळखीची होती : निळी पार्श्वभूमी, देशाचा पिवळा नकाशा आणि पांढरे तारे. तारे सहा, सहा समाजांसाठी. बोस्नियाच्या त्रिकोणाने ज्यांना बाहेर ठेवले तशा रोमांनाही इथे एक तारा मिळाला. राष्ट्रगीताचे नाव ‘युरोप’ आणि तेही शब्दांविना. राजधानी प्रिश्तिनाच्या रस्त्यांवर त्या दिवशी जल्लोष करणाऱ्यांच्या हातात मात्र बहुतांशी अल्बेनियाचा काळ्या दुतोंडी गरुडाचा लाल झेंडा होता.